माझ्या दातांतलं गुंतवळ

मी एक साधी लाकडी फणी बोलतेय. एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. मी कुठल्या झाडाची, मला कोणी कोरलं, ते विचारू नका. मलाच नीट आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी हिंगोलीकडच्या गोरेगावात, कमरुन्निसाचाचींच्या बांगड्यांच्या दुकानात आरशाखाली टांगलेली होते.

तिथून मला मंजुषाने उचललं. नवीनच लग्न झालेलं, आणि केस असे, की माथ्यावरून निघालेली मी शेंड्याला पोचेपर्यंत दमून जायचे. गुरुवारी न्हाऊन ती देव्हाऱ्यासमोर वेणी घालायची आणि ओठांतल्या ओठांत आरती म्हणायची. मला वाटायचं, मीही पूजेतलंच काहीतरी करतेय.

मग दोन-तीन वर्षांनी भादव्यात तिला ताप आला. नेमकी हरतालिका. पाण्याचा थेंबही न घेता करायचा तो उपवास. पण सासूबाईंनी, म्हणजे आशाबाईंनी, ऐकलं नाही. गोळी दिली, वर भाताची पेज पाजली. चार दिवसांत ताप उतरला.

दिवाळी झाली आणि माझे दात भरून येऊ लागले. एकदा फिरवलं की मूठभर केस. मी घाबरले. मी टोचतेय का? ओढतेय का? माझ्याच दातांना काही झालंय का? कोणी सांगेना.

घरात जो तो वेगळंच बोलायचा. मंजुषाचा नवरा विश्वंभर गोरेगाव-सेनगाव जीप चालवतो. तो म्हणाला, शाम्पूच्या पुड्या बंद कर. शेजारच्या जमनाबाई म्हणाल्या, बोअरच्या पाण्याने होतं. आशाबाईंनी मीठमोहऱ्यांनी नजर काढली आणि कांद्याचा रस चोळला.  मंजुषाच्या मनाने कारण कधीच ठरवलं होतं. हरतालिका मोडली, देवी रागावली. मग गुरुवार होताच, त्याला सोमवार जोडला, मंगळवार जोडला, चतुर्थी जोडली. पोटात भगर नाही तर नुसता चहा. आणि माझ्या दातांत केस वाढतच गेले.

डोक्यावरचा पदर आता खाली येईना. जमनाबाईंनी एकदा ओट्यावरून टोमणा मारलाच.

"काय गं मंजुषा, लग्नाला किती वर्षं झाली? अजून नव्या नवरीवानी पदर काहून?"

ती हसली आणि आत आली. त्यानंतर तिने ओट्यावर बसणंच सोडलं.

याहून अवघड गोष्ट पुढेच होती. माझ्या दातांतलं गुंतवळ मंजुषा काढून कोनाड्यात ठेवायची, नंतर पुरायचं म्हणून. ते नाहीसं व्हायला लागलं. मला दिसायचं. ती पाणी भरायला गेली की आशाबाई हळूच यायच्या, गुंतवळ उचलायच्या, कधी माझ्या दातांतले राहिलेले केसही सोडवून घ्यायच्या आणि कनवटीला लावायच्या. काहून? मला काही उमगेना. एके दिवशी मंजुषाने दारातून ते पाहिलं.  बाईचे केस कोणी लपवून नेले की आपल्याकडे मनात करणीच येते, ते तुम्हाला ठाऊक आहे. ती सासूशी बोलेना. सासूने वाढलेलं जेवेना. तसाही उपवास होताच.

मार्गशीर्ष लागला. शेवटच्या गुरुवारी उद्यापन, सुवासिनींना हळदीकुंकू. कोणाला बोलवायचंच नाही, असं तिने मनात धरलं. गजरा माळायचा तर कुठल्या केसांत? पण त्याआधी ती मला पदराखाली घेऊन चाचींच्या दुकानात गेली.

"चाची, ही फणी केस ओढते. बदलून द्या."

चाचींनी माझे दात आपल्या तळहातावर फिरवले. 

"फणी बराबर हाय, बाई. तुमचं तोंड काहून सुकलं?"

मग मंजुषाने सगळं सांगितलं. गुंतवळ तेवढं सोडून. चाची ऐकत राहिल्या.

"मला पण तापानंतर असंच झालतं," त्या म्हणाल्या. "आमच्यात आजारी माणसानं रोजा सोडला तरी चालतं, बरं झाल्यावर फेडायचा. तुमची देवी काय एवढी पण माया करत न्हाई?"

मंजुषाने मला परत पदराखाली घेतलं. वाटेत तिने मला घट्ट धरलं होतं. रात्री तिने विश्वंभरला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तो तिला हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मी पिशवीत होते. बाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात, बहुतेकींचे परत येतात, पण वेळ लागतो. रक्त मात्र फार कमी आहे, आणि उपाशी राहून ते आणखी कमी होतंय. म्हणजे केस राहावेत म्हणून धरलेले उपवासच केसांवर उठले होते. 

उद्यापनाच्या सकाळी आशाबाई तिच्यासमोर येऊन बसल्या आणि कनवटीची पुरचुंडी सोडली. आत गंगावन होतं, वेणीत गुंफायचे जोडकेस. काळ्या गोंड्यात वळलेलं, लांब.

"तुझेच केस हायेत. कमी पडले तिथं माझे जुने घातले. हे घाल, कोणाला कळणार न्हाई."

 आशाबाईंनी स्वतःचा पदर मागे सारला, अंबाडा सोडला. अर्धा अंबाडा त्यांच्या हातात आला.

"विश्वंभर झाला तवापासून लावते. माझ्या सासूनं असंच वळून दिलतं. तवा सांगायची लाज वाटली, तुला पण सांगितलं न्हाई."

"आत्याबाई, मी भलतंच समजले हो," एवढंच म्हणून मंजुषा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आशाबाईंनी मला उचललं आणि तिचे विरळ केस सावकाश विंचरले. कधी नव्हे तेवढी हलकी फिरले मी.

मंजुषाने गंगावन घातलं नाही. देवीच्या घटापुढे ठेवलं, नमस्कार केला, शेजारणींना बोलावणं धाडलं आणि बायका आल्यावर पदर खांद्यावर घेऊन बसली. भांग रुंद दिसत होता. कुजबुज झाली. तिने ताप सांगितला, उपवास सांगितले, डॉक्टरीणबाई सांगितल्या, आणि वाणात शेंगदाणा-गुळाचा लाडू दिला. जमनाबाई कुंकू लावता लावता थांबल्या.

"माझी पण फणी भरून येऊन राहिली गं," त्या हळूच म्हणाल्या. "मला बी घेऊन चल की."

आता मी देव्हाऱ्याजवळच्या फळीवर असते. मंजुषा गुरुवार करते, पण फराळ पोटभर घेऊन. हरतालिका पुढच्या साली बरी होऊन फेडीन, असं तिने देवीला सांगितलंय. भांगाजवळ बारीक केस उभे राहू लागलेत. माझ्या दातांत ते अजून सापडत नाहीत, बाजूने निसटतात. सगळे परत येतील का? मला खरंच माहीत नाही. मी फणी आहे, गेलेलेच मोजत आले.

पण एक मागते. तुमच्या घरची फणी भरून आली तर तिला बदलायची घाई करू नका, आणि गुंतवळ लपवूही नका. घरातल्या बाईला दाखवा. कोण जाणे, तिच्या पदराखालीही गंगावन असेल.