डावं बोंड

विरूपाक्षाचा डावा कान मेला होता. लातूरच्या डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं होतं आणि आता या कानाची आशा सोडा म्हणून तोंडावर सांगितलं होतं. तरीही हा गडी नांदेडला हनीफच्या दुकानात बसून शर्यतीच्या हेल्मेटात दोन्ही कानांना लागेल असा संच मागत होता. आता बोला!

हनीफ त्याचा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला दोस्त. दुकान वायरलेसचं, हौस गाड्या पळवायची, आणि या खेपेला विरूपाक्षाच्या शेजारी बसून वळणं सांगायला तोच येणार होता. त्यानं काउंटरवर दोन्ही प्रकार मांडले. हेल्मेटच्या गादीत कानासमोर बसणारे चपटे स्पीकर, आणि थेट कानात घट्ट बसणारी रबरी बोंडं.

"स्पीकर घे यार. तुझा एकच कान चालतो. त्यात बोंड खुपसलंस तर इंजिनबी कळायचं न्हाई."

"गेल्या साली स्पीकरच होते की," विरूपाक्ष म्हणाला.

गेल्या सालीही असाच दुष्काळ होता. चाकूरच्या पलीकडच्या तलावात टिपूस उरला नव्हता, नवा जिल्हा होणार अशी आवई उठली होती, आणि तेवढ्याच खुशीत पुढाऱ्यांनी मांडव घालून भेगाळलेल्या तळावर गाड्यांची शर्यत लावली. विरूपाक्षाला वळणं सांगायला त्याचा थोरला भाऊ सिद्रामप्पा, त्याचा अण्णा, बसला होता. या भावांची तऱ्हाच न्यारी. लहानपणी बैलगाडीतनं विहिरीचं पाणी वाहताना रस्ता फुटायचा तिथं डावीकडं घर लागायचं आणि उजवीकडं रान, म्हणून तेव्हापासून दोघांच्या तोंडी डावं म्हणजे 'घर' आणि उजवं म्हणजे 'रान'; मोटारीत बसले तरी तेच. दगडी बांधाजवळ धुळीच्या लोटात सिद्रामप्पा काहीतरी ओरडला, स्पीकरमध्ये नुसती खरखर झाली आणि गाडी बांधावर गेली. सिद्रामप्पा जागीच संपला आणि विरूपाक्षाचा कान गेला.

तेव्हापासून वहिनी, म्हणजे तारामती, ताट वाढताना एकच विचारायची, "शेवटाला काय म्हणले हो ते, भावजी?" रडणं नाही, बोल लावणं नाही. बोल लावला असता तर परवडलं असतं! ऐकू आलं नाही हे सांगून सांगून विरूपाक्षाची जीभ झिजली, पण त्या बाईच्या घशाखाली घास उतरेना. वर्षभरात ती वाळून काडी झाली, आणि ही अशीच डोळ्यांदेखत सरणार या भीतीनं त्याचाही जीव टांगणीला लागला होता.

हनीफनं त्याच्या कानांत बोंडं बसवली, मागच्या खोलीत गेला आणि माईकवर बोलला. उजव्या कानात हनीफ आकडे मोजत होता. डाव्या कानात, अगदी खेटून, कुणीतरी म्हणालं, "रान. सावकाश."

"आकड्यांशिवाय काय बोललास?" विरूपाक्षानं ओरडून विचारलं.

"काय न्हाई," हनीफ बाहेर येत म्हणाला. "अन् डावं बोंड अजून जोडलंय कुठं? ही बघ वायर." वायरीचं टोक काउंटरवर मोकळं पडलं होतं.

विरूपाक्षानं त्याला ते जोडू दिलं नाही. तसंच राहू दे म्हणाला आणि संच घेऊन निघाला. शर्यत गेली खड्ड्यात. सरावाला तलावात उतरायचं, बांधापर्यंत जायचं, अण्णा शेवटाला काय म्हणाला ते ऐकायचं आणि वहिनीला सांगून मोकळं व्हायचं, एवढंच आता त्याच्या डोक्यात होतं.

सरावाच्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं. उजव्या कानात हनीफ डावं-उजवं सांगत होता, आणि त्याच्या जरा आधी, डाव्या कानात, सुपारी चघळत बोलावं तशा निवांत आवाजात अण्णा सांगत होता. घर. रान. पुन्हा रान. एकही वळण चुकलं नाही. स्टिअरिंग धरूनच विरूपाक्षाला रडू फुटलं, कारण वर्षभरात पहिल्यांदा त्याला एकटं वाटत नव्हतं.

बांध जवळ आला तसा डावा कान गप्प झाला.

"विरू," अण्णा म्हणाला, "मला काय दिसंना रे. कवाधरनं एकलाच गाडी चालवायलोय, धूळ सरंनाच झालीय. आता तू सांग."

विरूपाक्षानं ब्रेकवर पाय दाबला. बांध हातभर पुढं राहिला. हनीफ शिव्या घालत खाली उतरला, पाणी पिऊन परत आला, तर विरूपाक्ष बंद गाडीत डोळे मिटून पुटपुटत होता, "घर, अण्णा. सरळ. आता रान." कुठला रस्ता, कुठलं वळण, त्याला काही दिसत नव्हतं, तोंडाला येईल ते तो सांगत होता. थांबला की डाव्या कानात अण्णाला धाप लागायची.

हनीफनं त्याला घरी आणून सोडलं. विरूपाक्षानं हेल्मेट काढू दिलं, पण डावं बोंड काही तो काढू देईना. वायर छातीवर लोंबत होती. जेवण नाही, पाणी नाही, तोंड मात्र चालू. उद्या लातूरला डॉक्टरकडं नेऊ, असं तारामतीला सांगून हनीफ गेला.

दिवेलागणीला तारामती तांब्या घेऊन दिराजवळ बसली. ओठ फुटले होते त्याचे. काय झालं, अण्णा काय म्हणाला, ते त्यानं पुटपुटण्याच्या मधेमधे तिला तुटक सांगितलं. तिनं हलकेच बोंड त्याच्या कानातनं काढलं आणि आपल्या कानात घातलं.

"वहिनी, त्यात काय न्हाई. वायरच जोडली न्हाई त्याची," विरूपाक्ष म्हणाला. बोलणं थांबलं तसं त्याला बरं वाटलं; हे सगळं आपल्याच डोक्यातलं, ती आता बोंड फेकून देईल आणि आपण दोघं पोटभर रडू, असं त्याला वाटलं.

तिनं हातानंच त्याला गप्प केलं. बराच वेळ ती ऐकत राहिली. सुकलेल्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त चढलं, आणि मग डोळे भीतीनं मोठे झाले. तिनं बोंड पदराला पुसलं, घाईघाईनं त्याच्या कानात परत बसवलं आणि त्यानं तांब्याकडं हात पुढं करताच तो बाजूला सारला.

"पाणी मागनं प्या," ती म्हणाली. "बोलत ऱ्हावा, भावजी. तुम्ही थांबलात की ते घाबरायलेत."