महाराजांच्या मिठालाही बाधा

कळमन्याजवळच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो घरच्या मिठाची पुडी मुठीत धरून उभा. झेंडूच्या माळांत दडवलेल्या गॅसच्या शेगडीला कृष्णकांत महाराज 'नीळज्योत' म्हणत. तिच्यात मीठ पडलं की ज्योत पिवळीधमक होई आणि महाराज सांगत, घरात बाधा आहे. मग ते ओला अंगारा टाकत, ज्योत हिरवी होई आणि बाधा उतरे.

रांगेतल्या सिंधूताईंच्या घरचीही बाधा अशीच उतरली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याच्या, गणपतरावांच्या हृदयाचं ऑपरेशन सोमवारी धंतोलीतल्या दवाखान्यात ठरलं होतं. बाधाच उतरली म्हटल्यावर छाती कशाला फाडायची? गणपतरावांना निमित्तच हवं होतं, ते तिथल्या तिथे बरे झाले. जिना चढताना धाप लागायची, तेवढी राहिली.

सून दीप्ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सासूला घेऊन ती मंडपात गेली आणि एक पुडी पुढे केली. ज्योत पिवळी झाली. महाराजांनी डोळे मिटून सांगितलं, या घराला तीन पिढ्यांची बाधा आहे.

"महाराज, हे तुमच्याच भंडाऱ्याच्या स्वयंपाकातलं मीठ आहे," दीप्ती म्हणाली.

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. तिनं पर्समधून निळी ओली पूड काढून टाकली, ज्योत हिरवी झाली. सिंधूताईंनी पूड लगेच ओळखली. घरच्या संत्र्याच्या झाडांवर चुन्यात कालवून फवारायचा तो मोरचूद. जन्मभर फवारला, पण जाळून कोणी पाहिला होता?

"काहून वं, रंग कुठून येते हा?"

"आई, अणूत इलेक्ट्रॉन ठरलेल्या मजल्यांवर राहतात, मधल्या पायरीवर त्यायले थांबता येत नाही. आच लागली की वर चढतात. खाली उतरताना तेवढी ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. प्रत्येकाच्या मजल्यातलं अंतर वेगळं, म्हणून रंग वेगळा. मिठातल्या सोडियमचा पिवळा, मोरचुदातल्या तांब्याचा हिरवा. महाराजांच्या अंगाऱ्यातही तोच कालवला असणार."

"अन् यायच्या छातीच्या दुखण्याचा कोणता?"

"तो ज्योतीत नाही दिसत, आई. डॉक्टरच्या तपासणीत दिसला."

महाराज ध्यानात गेले आणि ध्यानातच मागच्या दारानं निघून गेले.

सोमवारी गणपतराव कुरकुरत ऑपरेशनला गेले. बाहेर बाकावर एक बाई पदराच्या गाठीत मिठाची पुडी घेऊन बसली होती. सिंधूताई तिच्याजवळ सरकल्या.

"हे वरणात टाक वं बाई. अन् डॉक्टर काय म्हणते, ते आधी ऐक."