शेवट सोडून सगळं

तरुणपणी मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते. छापून आलेले मोठाले कागद दुमडायचे, हे माझं काम. दुमडता दुमडता डोळ्यांखालून जाईल ते मी वाचून काढायची. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका विचारायच्या, "मग? त्या पोरीचं पुढं काय झालं गं?" त्यांचे हात दिवसभर खळीत, घरी गेल्यावर कामाचा डोंगर. त्या कधी पुस्तक उघडणार? म्हणून मी अख्खी कादंबरी सांगून टाकायची, रडण्याच्या जागी थांबून, शेवटासकट. त्या बायकांसारखे ऐकणारे पुन्हा भेटले नाहीत. पण खोड काही जात नाही म्हणतात, तशी ती राहिली.

आता गुडघे कुरकुरतात, तरी मी रोज आमच्या वाचनालयात जाते. तिथं खिडकीजवळ नव्या कादंबऱ्यांचं एक कपाट आहे. हल्ली लिहिणाऱ्या मुलामुलींची ती पुस्तकं. लोक म्हणतात, त्यांत काही घडत नाही. मी म्हणते, तुमच्या घरात घडतं तेच घडतं, म्हणून तुम्हाला दिसत नाही. त्या कपाटातलं एकही पुस्तक मी सोडलेलं नाही. आणि भेटेल त्याला सांगते, हे वाच, ते वाच.

एके दिवशी ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आजी, वाईट बातमी आहे. हे कपाट परीक्षांच्या गाइडांना द्यायचं म्हणतायत अध्यक्ष. महिनाअखेर सुतार येईल माप घ्यायला. या कादंबऱ्या गठ्ठे बांधून माळ्यावर."

"का म्हणून?"

"कोणी नेतच नाही."

"नेत नाही कसं? मी अख्ख्या गल्लीला सांगितल्यात!"

बाई हसल्या. "तेच तर! परवा वायरमन आला होता. म्हटलं, ही कादंबरी नेतोस का? तर म्हणाला, आजींनी सांगितली, झाली माझी."

मी खुर्चीत बसलेच. घास भरवता भरवता मी लोकांची भूकच मारली होती. पण रडत बसायला वेळ नव्हता. ठरवलं, माळ्यावर जाऊ द्यायची नाहीत. तोंडाला कुलूप. सुरुवात सांगायची, गोष्ट ऐन रंगात आली की उठायचं.

पहिली सापडली माझी धाकटी जाऊ. भाजी निवडत होती. अजून कुणाला न सांगितलेली एक कादंबरी मी सुरू केली, "एक लिफ्टदुरुस्ती करणारा म्हातारा असतो. मुलगी भांडून घर सोडून गेलेली. वर्षं लोटतात. एकदा एका इमारतीत लिफ्ट अडकते म्हणून त्याला बोलावतात. चौथ्या मजल्यावर चढून जातो, तर समोरच्या दारावर पाटी मुलीच्या नावाची."

"अगं बाई! मग?"

"मग तो घंटीवर बोट ठेवतो." आणि मी उठले.

"अहो जाऊबाई! कुठं निघालात? दार उघडतं का?"

"पुस्तकात आहे."

"जळलं तुमचं पुस्तक! माणसाला ताटावर बसवून ताट ओढता होय?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाचनालयात रांगेत उभी दिसली. माझ्याकडे बघून तोंड फिरवलं, पण पुस्तक काखेत होतं.

मग शेजारच्या नर्सबाईंना मी दुसऱ्या कादंबरीतल्या दोन बहिणींपाशी सोडलं, वायरमनला एका बुडत्या दुकानापाशी. जीभ नुसती वळवळायची माझी. एवढा उपास मी जन्मात केला नव्हता. लोकांनी कंजूष म्हटलं, म्हातारचळ लागला म्हटलं. म्हणू देत.

महिनाअखेर अध्यक्ष सुताराला घेऊन आले. कपाटाकडे बघून खूश झाले. "वा, रिकामंच केलंत की! घ्या माप."

मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले. "रिकामं केलं नाही. पुस्तकं घरोघरी गेलीत. विचारा बाईंना."

"एकूण एक बाहेर आहेत," बाई म्हणाल्या. "काहींना पुढचे नंबर लागलेत."

"नव्या कादंबऱ्या? असं आहे तरी काय त्यांत?"

मी लिफ्टवाल्याचं सांगायला लागले. अध्यक्ष घड्याळ बघत ऐकत होते, मग घड्याळ बघायचे राहिले. सुताराच्या हातातली टेप आपोआप गुंडाळली गेली. म्हाताऱ्यानं घंटीवर बोट ठेवलं आणि मी थांबले.

"उघडते का ती?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

"अहो, मी या संस्थेचा अध्यक्ष आहे!"

"असा की. नंबर लावा."

बाईंनी खाली मान घालून नाव लिहिलं. "साहेब, तुमच्या आधी तिघं आहेत."

अध्यक्षांनी वाकून वहीतलं आपलं नाव बघितलं. मग पलीकडच्या भिंतीला लावलेल्या जुन्या मासिकांच्या ढिगाकडे बोट दाखवून सुताराला म्हणाले, "ती भिंत मोजा. गाइडं तिकडे बसतील." आणि माझ्याकडे वळून, जरा आवाज खाली आणून, "ते तिघं वाचतात तरी भराभर?"

"एक आमची जाऊच आहे, पुस्तक अजून तिच्याचकडे अडकलंय," मी म्हटलं. "तिला मी आजच हटकते."