बाहेरची कडी

अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला तेव्हा पेंटरीणबाई तो अक्षरं केवढी बसतील एवढ्याच हिशेबाने वाचायला लागली, आणि दुसऱ्या ओळीवरच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बोर्ड रंगवणं हा तिचा धंदा. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंती, 'येथे गाडी लावू नये', जे येईल ते. आता पर्यटन समितीला टेकडीवरच्या पडक्या बंगल्याच्या फाटकापाशी मोठा बोर्ड हवा होता. मजकूर अध्यक्षांनी स्वतः लिहिला होता, आणि स्वतःच्या अक्षराकडे ते नव्या बापाने बाळाकडे बघावं तसे बघत होते.

'या बंगल्यातील चारित्र्यहीन आया एका रात्री प्रियकरास भेटण्यासाठी मागील दाराने बाहेर पडली. उघड्या दारातून मालकांची चिमुकली कन्या बाहेर आली व टाकीत बुडून मरण पावली. दुःखी कुटुंब बंगला सोडून गेले. पापी आयेचा आत्मा मात्र आजही येथे भटकतो.'

आत्मा भटकतो म्हणे! त्या आत्म्याला गुडघेदुखी होती. त्या आत्म्याने आज सकाळीच चहात साखर कमी पडली म्हणून कटकट केली होती. तो आत्मा पेंटरीणबाईची सख्खी आई होती आणि या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर राहत होती.

अध्यक्षांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते गावात नवे. जुन्या लोकांना मात्र सगळं ठाऊक होतं, म्हणून तर शाळेत या बाईला कुणी नावाने हाक मारली नाही. 'टाकीवालीची पोर' हेच तिचं नाव. बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. बसलंच तर मधल्या सुट्टीत हळूच विचारायचं, "तुझ्या आईने खरंच त्या मुलीला मारलं का गं?"

"साहेब," ती म्हणाली, "चारित्र्यहीन हा शब्द काढा."

"का हो? स्पेलिंग चुकलं का?"

"शब्दच चुकलाय. तुम्ही होता का तिथे बघायला?"

अध्यक्ष हसले. "अहो पेंटरीणबाई, इतिहास आहे तो. गावात कुणालाही विचारा. तुम्ही असं करा, आधी बंगला बघून या. रविवारी दुपारी बॅटरी लोकांना घेऊन जातो ना, त्याच्याबरोबर जा. म्हणजे कसं, अक्षरात जरा भीती उतरेल."

कागद तिथल्या तिथे फाडून टाकावा असं तिला वाटलं. पण ती फाडणार, मग हे दुसरा पेंटर शोधणार, आणि बोर्ड लागायचा तो लागणारच. तिने कागद घडी करून पिशवीत कोंबला.

आजवर ती त्या बंगल्याची पायरी चढली नव्हती. गावातली पोरंटोरं पैजा लावून जाऊन यायची, नवी लग्न झालेली जोडपी फोटो काढायला जायची, ही मात्र टेकडीचा रस्ता दिसला की मान खाली घालायची. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनातही कुठेतरी कुसळ होतंच. आग असल्याशिवाय धूर निघतो का, असं सगळं गाव म्हणत असताना लेकीच्या मनात काय येणार?

रविवारी ती गेली. बॅटरी म्हणजे एक किडकिडीत, बडबड्या माणूस. भर उन्हातसुद्धा हातात बॅटरी, म्हणून हे नाव. तिकीट काढून आलेल्या दहाबारा माणसांना त्याने फाटकापाशी गोळा केलं आणि आवाज खाली आणून सुरुवात केली, "ज्यांचं काळीज कच्चं आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं!" कुणी मागे फिरलं नाही. कोण फिरणार? पैसे दिले होते.

बंगला मोठा होता. दिवाणखान्याचं छत एका कोपऱ्यात खाली आलेलं, जिन्याचा कठडा कुणीतरी जळणाला नेलेला, भिंतींवर प्रेमवीरांची नावं. बॅटरी प्रत्येक खोलीत काहीतरी ठोकून देत होता. इथे बाईसाहेब रडायच्या, इथे साहेब येरझाऱ्या घालायचे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पेंटरीणबाई दात-ओठ खात मागून चालत होती.

स्वयंपाकघरामागे एक अरुंद बोळ होता. बोळाच्या टोकाला मागचं दार, आणि त्याच्या अलीकडे एक बुटकी खोली.

"ही तिची खोली!" बॅटरीने प्रकाश आत फेकला. "कपड्यांना इस्त्री करायची खोली. इथेच ती झोपायची. आणि आता हे बघा, हे बघून भले भले गार पडलेत." त्याने दार अर्धवट लोटून त्याची आतली बाजू दाखवली. कमरेच्या उंचीला जाड लाकडात खोल खाचा पडल्या होत्या. एकावर एक, एकीत एक, सगळ्या टोकदार. "हडळीची खुरं! माणसाच्या हाताने अशी खूण उठते का, तुम्हीच सांगा."

एका बाईने नवऱ्याचा दंड धरला. कुणीतरी फोटो काढला.

पेंटरीणबाई मात्र दाराजवळ जाऊन खाली वाकली. हे टोक तिच्या ओळखीचं होतं. रोज अंगठा आपटायचा तिचा त्याच्यावर. घरात आईने कोळशाची जुनी इस्त्री दाराला टेकवून ठेवलेली असायची, दार लागू नये म्हणून. उन्हाळा असो, थंडी असो, आईला दार उघडंच लागायचं. "चोर येतील गं आई," म्हणून ही रोज ओरडायची आणि आई रोज म्हणायची, "येऊ देत. चहा पाजीन."

इस्त्रीचं नाक होतं ते. कुणीतरी इस्त्री दोन्ही हातांनी धरून आतून दारावर हाणली होती. एकदा नाही, हात भरून येईपर्यंत हाणली होती.

आतून? आतून कशाला? तिने दार पुढे ओढलं आणि बाहेरची बाजू बघितली. वर, मोठ्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर, जाड लोखंडी कडी होती. आतल्या बाजूला साधा आकडासुद्धा नव्हता.

"ही कडी बाहेरून का आहे?" तिने विचारलं.

"हां! चांगला प्रश्न!" बॅटरी खूश झाला. "बंगला रिकामा झाल्यावर हडळीला कोंडायला मागाहून बसवली ती."

"मागाहून?" तिने नखाने कडीवरचा पोपडा उचकटला, मग दारावरचा. खाली तोच हिरवा रंग, त्याच्याखाली तोच पिवळा. "मागाहून बसवली तर कडीवर आणि दारावर सारखेच थर कसे हो? माणसं राहत होती तेव्हाचीच आहे ही. इथे झोपणाऱ्या पोरीला रोज रात्री बाहेरून कोंडत होते. मग ती प्रियकराला भेटायला गेली कुठून? भिंतीतून?"

मग फोटो काढणारा म्हणाला, "ताई, जरा बाजूला होता का? खुरं दिसत नाहीयेत."

चोर सोडून संन्याशाला फाशी हे तिने ऐकलं होतं. फाशीचा दोर दाखवला तरी लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात हे तिने आज बघितलं.

"बाई, माझ्या पोटावर पाय देऊ नका," बॅटरी तिच्या कानाशी कुजबुजला.

"तुमच्या पोटाला माझीच आई सापडली का?" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की छतातली कबुतरं उडाली. तिकीटवाल्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग आहे. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आली ती धुमसतच. दार उघडं होतं, इस्त्री टेकवलेली होती, आई खाटेवर बसून जुन्या चादरीला ठिगळ लावत होती.

"आई, तुला कोंडायचे ना तिथे?"

आईचा हात थांबला नाही. "हो. रोज. बाईसाहेब स्वतः यायच्या कडी लावायला. तरण्या पोरी रात्री हिंडतात म्हणायच्या."

"आणि त्या रात्री?"

"त्या रात्री पाहुणे होते. दिवाणखान्यात गाणंबजावणं चाललेलं. छोटीला जाग आली असेल, ती माझ्या दारापाशी आली. 'उघड ना, उघड ना' म्हणायला लागली. तिचा हात कडीला पुरेना. मी म्हटलं, आईला बोलाव जा. ती म्हणाली, आई रागावते. मग मागचं दार वाजलं."

"ते कुणी उघडं टाकलं होतं?"

"मला काय माहीत? मी आत होते."

पेंटरीणबाई खाटेसमोर जमिनीवर बसली.

"मग मी इस्त्री घेतली आणि दार ठोकलं," आई म्हणाली. "ठोक ठोक ठोकलं. बाईसाहेब आल्या की धावत. मी ओरडून सांगितलं, छोटी बाहेर गेली. त्या म्हणाल्या, छोटी वर झोपलीय, पाहुण्यांसमोर नाटकं नकोत, दार मोडलंस तर बघ. आणि गेल्या. सकाळी छोटी टाकीत सापडली, तेव्हा कडी काढली त्यांनी. काढली आणि तिथेच बेशुद्ध पडल्या."

"म्हणजे त्या बाईला सगळं माहीत होतं?" पेंटरीणबाईचा आवाज चिरकला. "तिने स्वतःचं पाप तुझ्या पदरात टाकलं आणि तू मूग गिळून बसलीस? इतकी वर्षं? तोंड शिवलं होतं का तुझं?"

आता आईने चादर बाजूला ठेवली. ती कधी चिडायची नाही. आज तिचे डोळे लाल झाले.

"मूग गिळून? अगं भवाने, सगळ्यांना सांगितलं मी! पोलीस आले त्यांना सांगितलं. दिवाणखान्यात बसून चहा प्यायले आणि गेले, बोळात कुणी पाऊल टाकलं नाही. मालकिणीच्या शेजारणीला सांगितलं. माझ्या बापाला सांगितलं, त्याने थोबाडीत मारली. तुझ्या बापाला सांगितलं, तो भला माणूस म्हणाला, झालं गेलं विसर. सगळं गाव भूत बघायला जातं तिथे! एकानेही ती कडी बघितली नाही. टेकडी काय परदेशात आहे का?" तिला धाप लागली. "आणि तुलाही सांगितलं होतं. शाळेतून रडत आलीस त्या दिवशी. म्हटलं, बाळ, मला बाहेरून कोंडलं होतं. तू म्हणालीस, पुरे आई, झोप आता."

पेंटरीणबाईला ते आठवेना. तेच तर वाईट होतं. आठवलं असतं तर निदान माफी मागता आली असती. तिला बाईसाहेबांचा राग आला, पोलिसांचा आला, मेलेल्या आजोबांचा आला, आणि सगळ्यांचा येऊन झाल्यावर जो उरला तो कुठे ठेवावा हे कळेना. ती उठली आणि हत्यारांची पिशवी भरायला लागली.

बोर्डाच्या उद्घाटनाला बरीच माणसं जमली. समितीची रीतच अशी, की पेंटरने आदल्या दिवशी बोर्ड ठोकायचा, वर कापड टाकायचं आणि अध्यक्षांनी दोरी ओढेपर्यंत कुणी डोकवायचं नाही. अध्यक्षांनी भाषण केलं, इतिहास जपला पाहिजे म्हणाले आणि दोरी ओढली.

फाटकाशेजारी दोन खांबांना बिजागऱ्यांवर इस्त्रीच्या खोलीचं जुनं दार उभं होतं.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले. "बोर्ड कुठाय?"

"हाच."

"अहो, यावर एक अक्षर नाही!"

"आहे की. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवते." ती दारापुढे येऊन उभी राहिली. "ज्या आयेचं तुम्ही भूत केलंत ती माझी आई. जिवंत आहे. ती या दाराच्या पलीकडे झोपायची आणि ही कडी या बाजूने लावलेली असायची. आता साहेब, तुम्ही पलीकडे जा. मी कडी लावते. खांबांच्या बाजूने पळून यायचं नाही. दार उघडून प्रियकराला भेटायला या. आलात, तर तुमचा मजकूर मी सोनेरी अक्षरात लिहून देते, फुकट!"

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अध्यक्ष जागचे हलले नाहीत. ते कडीकडे बघत राहिले, मग मजकुराच्या कागदाकडे, मग बॅटरीकडे. बॅटरीने बॅटरी खिशात घातली.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. बाईसाहेबांची जुनी शेजारीण. पेंटरीणबाई तिला चांगली ओळखत होती. हिच्याच नातीने शाळेत बाक बदलून घेतला होता. म्हातारी काठी टेकत दाराच्या मागे गेली आणि एका खाचेत बोट घालून उभी राहिली.

"सांगितलं होतं तिने मला," ती म्हणाली. "मला वाटलं, बनाव करते."

"वाटलं!" पेंटरीणबाई फाडकन म्हणाली. "तुम्हाला वाटलं, आणि जन्म तिचा गेला."

पेंटरीणबाईने तिला बसायला हात दिला नाही की स्टूल दिलं नाही. सगळ्यांनाच वयाची सूट का म्हणून द्यायची?

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई तशीच खाटेवर होती.

"बघितलं का लोकांनी?" आईने विचारलं.

"बघितलं."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? काही नाही म्हणाले."

आईने सुई चादरीत टोचून ठेवली. मग तिने पाय वर घेतले आणि ठिगळाची चादर अंगावर ओढली.

"मग लोट ते दार," ती म्हणाली. "गार वारा येतोय."

पेंटरीणबाई उठली. रोज पायाने सरकवायची ती इस्त्री तिने आज वाकून उचलली. केवढी जड होती! एका हाताने पेलेना, म्हणून तिने दुसरा हात लावला.