अठ्ठावन्न आणि नापास

शंभरात चाळिसाला पास, आणि तिला पडले होते अठ्ठावन्न. तरी पडद्यावर नापास. उभा जन्म शिवणयंत्रावर काढलेल्या त्या बाईनं चष्मा पुसला, परत लावला आणि लेकीला विचारलं, "हा कॉम्प्युटर शुद्धीवर आहे का गं?"

मायलेकी एकाच वर्षी पदवीला बसल्या होत्या. लेक सगळ्यांत पास. आईचं एकच मॉड्यूल अडकलं, आणि तेही वस्त्रशास्त्र. नवरा ऐकून आधी हसला, मग तिचा चेहरा बघून खोकला.

दुसऱ्या दिवशी ती परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभी राहिली, भांडायच्या पूर्ण तयारीनं. आतला कारकून दमलेला होता, पण सज्जन.

"प्रात्यक्षिकात चाळीसपैकी अडतीस, छानच," तो म्हणाला. "लेखीत साठपैकी वीस. तिथे निदान चोवीस लागतात."

"पण बेरीज?"

"बेरीज नंतर, ताई. आधी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं."

"इकडचे जास्तीचे तिकडे ढकलता येत नाहीत?"

"नाही."

बाही आखूड पडली म्हणून घेर वाढवून भागत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. आणि लेखीत काय झालं तेही तिला पक्कं ठाऊक होतं. 'लोकर आणि कृत्रिम धागा कसा ओळखाल?' असा दहा मार्कांचा प्रश्न होता. तिनं लिहिलं होतं, 'हात लावून', आणि खाली रेघ मारून पुढच्या प्रश्नाकडे वळली होती. बाकीची बरीच उत्तरंही अशीच एका ओळीत उरकली होती.

"एवढं तोंड पाडू नका," कारकून म्हणाला. "बाकीचे विषय चांगले आहेत तुमचे. चार मार्कांसाठी सवलतीचा अर्ज करा, मंडळ पास करून टाकेल. निकालपत्रावर एक चांदणी येईल, बस."

"चांदणी कशाची?"

"सवलतीत पास झाल्याची."

"आणि सवलत नको असेल तर?"

"मग लेखी पुन्हा द्या, हिवाळ्यात. पण दुसऱ्या खेपेला साठपैकी साठ पडले तरी नोंद चोवीसचीच होते. पदवीही पुढच्या समारंभात."

घरी आल्यावर लेकीनं अर्ज भरून तिच्यापुढे सरकवला. "सही कर, आई. आपण दोघी एका रांगेत उभ्या राहणार होतो. सगळ्यांना सांगून बसलेय मी."

"तू उभी राहा. मी टाळ्या वाजवीन."

"मिळणार चोवीसच. मग मरमर कशासाठी?"

"ते देणार चोवीस. मी किती मिळवायचे ते माझं मी बघेन."

"हट्टी आहेस नुसती."

"आहेच. दुसरा कुठला विषय असता तर केली असती सही. कापड माझं घर आहे. माझ्याच घरात मला कोणी कीव करून आत घ्यायचं नाही."

लेक तरातरा आत निघून गेली. समारंभापर्यंत दोघींत कामापुरतंच बोलणं होतं. समारंभात आईनं तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. परत येताना लेकीनं तिचा हात धरला.

मग घरात धागे जळू लागले. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटानं चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गाठ होते. बोटांना जे कळत होतं, त्याचं कारण मात्र तिला कधीच माहीत नव्हतं. ते कळलं तेव्हा ती एकटीच शेगडीपाशी हसली.

"पडदे तेवढे सोड," नवरा म्हणायचा.

लेक प्रश्न विचारायला बसायची. "हात लावून म्हणालीस तर बघ हं."

निकाल लागला. लेखी चोवीस.

"एवढं करून काठावरच?" नवऱ्यानं विचारलं. तिनं त्याला खुर्चीत बसवून सगळा नियम समजावला, अगदी चवीनं. तो मध्येच उठायला लागला तर परत बसवला.

मग लेकीला घेऊन ती त्याच खिडकीशी गेली. तपासलेली उत्तरपत्रिका मागून बघता येते, हेही तिनं नियमांत वाचून ठेवलं होतं.

"पास झालात की, ताई. आता कशाला?"

"बघायचीय."

पत्रिकेवर लाल शाईत एकावन्न लिहिलेलं होतं. लेकीनं त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"नोंद चोवीसचीच राहणार," कारकून हळूच म्हणाला.

"राहू दे. नोंद तुमची आहे."

तिनं पहिलं पान उघडलं. मागे रांग कुरकुरायला लागली, कोणीतरी घड्याळ दाखवलं. तिनं चष्मा नीट केला आणि एकेक उत्तर सावकाश, ओळ न ओळ वाचायला घेतलं.