पहारेकरी पाण्यात उतरला

चिंगी नववीत होती आणि शाळेच्या पोहण्याच्या संघात होती. तिचा बाप शिंपी. ती लहान असतानाच आई गेली, तेव्हापासून बापाने पोरीला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. दुकान उघडायच्या आधी तो तलावावर यायचा आणि काठावरच्या बाकावर बसून राहायचा. चिंगीने पाण्यात बुडी मारली की याचा श्वास कोंडायचा. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं.

"तुझा पहारेकरी आला बघ," मुली म्हणायच्या.

शेवटी चिंगीच प्रशिक्षक बाईंकडे गेली. "पालकांना आत बसू देऊ नका ना." बाईंनी दारावर तशी पाटी लावली.

शिंप्याने पाटी वाचली, मुकाट्याने तिकिटाच्या खिडकीपाशी गेला आणि बाईंच्याच, मोठ्या माणसांच्या सकाळच्या शिकाऊ वर्गात नाव घालून आला. पोहायची चड्डी त्याने घरीच शिवली. खिशासकट.

पण पाण्यात उतरल्यावर कठडा काही सुटेना. त्याच्यापुढे बाईंनी हात टेकले. "तुझ्या वडिलांना तूच बघ आता."

चिंगी तणतणत उथळ पाण्यात आली. "बाबा, तुला पोहायचंय की माझ्यावर नजर ठेवायचीय?"

"खरं सांगू? नजर ठेवायचीय."

"मग निदान आडवा तरी हो. सगळ्या बघतायत."

तिने त्याच्या पाठीखाली हात धरला. अंग लाकडासारखं ताठ.

"मान सैल सोड."

"हात काढू नकोस हं."

"नाही काढत."

डोळे मिटून तो कुणाच्यातरी सदऱ्याची बाही उलटी जोडली गेल्याचं सांगू लागला. बोलता बोलता अंग सैल पडलं. चिंगीने हळूच हात काढला. तो तरंगतच होता, बोलतच होता. तिला हसू आलं. मग त्याच्या बरगड्या दिसल्या, बारीक पाय दिसले, आणि हसू ओसरलं. त्याला कळायच्या आत तिने हात पुन्हा पाठीखाली नेला.

"जमतंय का गं?"

"जमेल."

पुढे गणवेशांचं काम आलं आणि त्याचं तलावावर येणं बंद झालं. चिंगीने त्याला ये म्हटलं नाही. जिल्हा संघाच्या निवड चाचणीत ती पाचवी आली. घ्यायच्या चौघीच होत्या. ती घरी न जाता सरळ दुकानात गेली.

"पाचवी आले."

बापाने कात्री खाली ठेवली. "भूक लागलीय?"

"नाही."

"मग घरी जा. अभ्यास पडला असेल."

"बसू दे ना इथेच."

त्याने स्टुलावरचा कापडांचा ढीग उचलून खाली ठेवला. चिंगी बसली आणि एका शर्टाची कच्ची शिवण उसवू लागली. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं.