सागवानी झडपांची गाडी

मित्रांनो, आधी मला डोळे भरून बघून घ्या. चारी बाजूंनी फिरून बघा. संकोच करू नका, मला त्याची सवय आहे आणि खरे सांगायचे तर आवडही आहे. मी झाशीची एक जुनी मोटार. माझ्या पोटात इंजिन नाही, मी पेट्रोल पीत नाही, धूर सोडत नाही आणि चालताना आवाज करत नाही. मी विजेवर चालते. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे, विजेच्या रिक्षा तर सीपरी बाजारात पायलीच्या पन्नास मिळतात. पण माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा झाशी स्टेशनात कोळशाची इंजिने शिट्ट्या मारत उभी असत आणि रुळांकाठी विजेच्या तारांचे खांब नुकते कुठे रोवले जात होते. तुमच्या रेल्वेआधी मी विजेवर धावले, असे मी अजूनही छाती फुगवून सांगते. मला छाती नाही, पण बॉनेट आहे.

मला गोपाळरावांनी घडवले. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेतून इथे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकले की हिंदी आणि बुंदेली, असा त्यांचा संसार. घरचे त्यांना नाना म्हणत. नाना रेल्वेत डब्यांतले दिवे आणि पंखे दुरुस्त करत. डब्याच्या पोटाखाली बॅटऱ्यांची पेटी असते, तिच्या जिवावर हे दिवे-पंखे चालतात. रोज त्या पेट्या हाताळता हाताळता नानांच्या मनात आले, की जी वीज पंखा फिरवते ती चाक का नाही फिरवणार?

मग रेल्वेच्या मोडीत निघालेल्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा त्यांनी एक विजेची मोटर, बॅटऱ्यांची एक पेटी, हिरव्या रेक्झिनचे एक बाक आणि एका जुन्या लाकडी डब्याच्या खिडक्यांच्या झडपा घेतल्या. या झडपा नीट समजून घ्या. आडव्या सागवानी पट्ट्यांची ही झडप वर सरकवली की खटक्यात अडकून राहते, खटका दाबला की धाडकन खाली पडते. ती खाली असली म्हणजे आत बसलेल्याला फटींतून बाहेरचे सगळे दिसते, पण बाहेरच्याला आतले काही दिसत नाही.

अंगणात अडीच वर्षे माझी ठोकाठोक चालली. नानांच्या पत्नी अनुसूयाबाई म्हणत, "अहो, घर आहे की वर्कशॉप? तुळशीला पाणी घालायला गेलं की पायात खिळे येतात." नाना हसत आणि आणखी एक खिळा ठोकत.

आता मुख्य गोष्ट. नानांनी मला हौसेखातर बनवले नव्हते. त्यांची एकुलती एक मुलगी अहिल्या लहानपणी पोलिओने आजारी पडली होती. तिच्या उजव्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट असे आणि ती चालली की खट्-खट् वाजे. गणितात मात्र तिचा हात धरणारे कुणी नव्हते. रुळांपलीकडे छावणीच्या बाजूला मुलींची एक शाळा होती, तिथे तिला एका वर्षाच्या बोलीवर शिक्षिकेची जागा मिळाली. वर्षभर काम चांगले झाले तर नोकरी पक्की होणार होती. नाना तिला रोज सायकलच्या मागे बसवून नेत. सायकल-रिक्षाची पायरी उंच. रिक्षावाल्याला तिला पोत्यासारखे उचलून ठेवावे लागे. ते तिला मुळीच खपत नसे. म्हणून नानांनी मला असे बनवले की माझा वेग हाताने, माझा ब्रेक हाताने, माझी पायरी वीतभर उंचीची. पायाला काही काम म्हणून ठेवले नाही.

आणि मित्रांनो, ज्या दिवशी मी पूर्ण झाले, त्या दिवशी अहिल्याने माझ्याकडे पाठ फिरवली.

"नाना, लोक काय आधीच कमी बघतात का माझ्याकडे?" ती म्हणाली. "रस्त्यात ओळख ना पाळख, पाय बघून विचारतात, काय झालं, कधी झालं. आता या गाडीत बसवून माझी वरात काढायची आहे का तुम्हाला?"

अंगणात आणि घरामागच्या मोकळ्या जागेत ती मला चालवायला शिकली, पण तेवढेच. रस्त्यावर नेणार नाही म्हणजे नाही. बिचारे नाना मला एकटेच फिरवू लागले. आणि काय सांगू तो थाट! रेल्वेच्या फाटकाशी आम्ही थांबलो की लोक येणारी गाडी बघायचे सोडून मला बघत. फाटकवाला हरदयाल आपली हिरवी झेंडी काखेत मारून पहिला येई. दूधवाले, टांगेवाले, बरुआसागरहून आल्याच्या टोपल्या घेऊन विकायला येणाऱ्या बाया, सगळे गोळा होत. "बाबूजी, जा गाड़ी बोलत काए नइयाँ?" "इंजन कितै है?" "कितना देती है?" आवाज का नाही, इंजिन कुठे, किती धावते, नाना एकेकाला उत्तर देत, बॉनेट उघडून दाखवत. एक टांगेवाला तर म्हणाला, "घोड़ा नहीं, तेल नहीं, फिर भी चलत! धन्न हो बाबूजी!" मला वाटे, बस, जगात माझ्यासारखी मीच. मी फार शेफारले होते.

अनुसूयाबाईंना मात्र ही तारीफ सोसेना. इतक्या नजरा म्हणजे दृष्ट लागायचीच, असे त्यांचे मत. दर शनिवारी त्या लिंबू-मिरच्या आणून माझ्या पुढे बांधायला बघत. अहिल्या म्हणे, "आई, आता हे लटकवून आणखी लोक गोळा कर." शेवटी अनुसूयाबाईंनी गुपचूप तोड काढली. लिंबू-मिरच्या त्यांनी बॉनेटच्या आत, बॅटरीच्या वर टांगल्या. बाहेरून कुणाला पत्ताही नाही. नानांनी ते पाहिले, पण बायकोपुढे मान तुकवली. ही चूक आहे हे त्यांच्यासारख्या जाणत्या माणसाच्याही लक्षात आले नाही.

थंडीत एका सकाळी धुक्यात सायकल घसरली. अहिल्या वाचली, नानांचा हात मोडला. तो प्लास्टरमध्ये गेला आणि अहिल्याला त्या आठवड्यात शाळेत पोचायला तीनदा उशीर झाला. मुख्याध्यापिका विजयालक्ष्मी जी शिस्तीच्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी अहिल्याला बोलावून सांगितले, "अहिल्या जी, अब एक दिन भी देर हुई, तो मैं आपको रख नहीं पाऊँगी।"

त्या शाळेत मुली गणिताऐवजी गृहविज्ञान घेत. अहिल्याने घरोघरी जाऊन अकरा मुलींना गणित घ्यायला लावले होते. मार्चमध्ये त्यांची बोर्डाची परीक्षा होती. नोकरी गेली असती तर त्या अकराजणींना मध्येच सोडावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने माझ्यात येऊन बसली. चारी झडपा तिने धाडधाड पाडल्या. पुढची काच लहान आणि टपाची कड तिच्यावर झुकलेली, त्यामुळे समोरूनही आत अंधारच दिसे. अशी लपूनछपून ती मला घेऊन निघाली.

पण मित्रांनो, लपल्याने कुणाची नजर चुकते का? उलट झाले. आवाज न करणारी, पडदानशीन गाडी! फाटकाशी तर्क सुरू झाले. कुणी म्हणे आत कुठल्यातरी संस्थानची राणी आहे, कुणी म्हणे लष्कराचे काही गुपित आहे. छावणीच्या नाक्यावरच्या पहारेकऱ्याने तर एके दिवशी टाच आपटून मला कडक सॅल्यूट ठोकला. आत अहिल्याला हसू आवरेना. मी पहिल्यांदाच तिला माझ्यात हसताना ऐकले. तरी झडप काही तिने उचलली नाही. दोन महिने ती रोज वेळेवर पोचली आणि दोन महिन्यांत रस्त्यावर कुणीही तिचा चेहरा पाहिला नाही.

मग गणिताच्या पेपरचा दिवस उगवला. अकरा मुलींना तिने शब्द दिला होता, "तुम अंदर जाओगी, उससे पहले मैं स्कूल के फाटक पर मिलूँगी।" अनुसूयाबाईंनी त्या दिवसासाठी चांगले मोठे रसरशीत लिंबू निवडून बॉनेटमध्ये टांगले. सुई टोचून दोरा ओवलेला, त्यातून रस ठिबकत होता.

रेल्वे फाटकाशी मालगाडीसाठी थांबलो. फाटक उघडले आणि अहिल्याने वेगाचा दांडा फिरवला. मी हलले नाही. तिने पुन्हा फिरवला. माझ्या अंगात वीजच पोचेना. इतक्या माणसांसमोर मी अशी ठप्प! मेल्याहून मेल्यासारखे झाले मला.

"बंद हो गई! धक्का लगाओ!" कुणीतरी ओरडले. झाले, दहा-बारा जण मागून भिडले आणि मला रुळांपलीकडे ढकलत नेले. पलीकडे गेल्यावरही थांबेनात, कारण धक्का दिला की गाडी सुरू होते एवढेच त्यांना ठाऊक. अरे बाबांनो, माझ्यात इंजिनच नाही तर धक्क्याने काय सुरू होणार? आतून अहिल्या "धक्का मत दीजिए!" म्हणत होती, पण झडपांमागचा आवाज त्या गलक्यात कुणाला ऐकू येणार? तिला पोत्यासारखे उचललेले खपत नसे, आणि आता पन्नास माणसांच्या देखत तिला पोत्यासारखेच ढकलत नेले जात होते. पेपर सुरू व्हायला पंचवीस मिनिटे उरली होती.

त्या वेळी माझ्या उजव्या झडपेला तिचा हात लागला. झडप वर गेली आणि खटक्यात बसली.

"रुकिए!" ती म्हणाली.

सगळे थांबले. राणी नाही, गुपित नाही, सुती साडी नेसलेली एक तरुण मुलगी. ती दार उघडून उतरली आणि तिचा बूट रस्त्यावर खट् वाजला. पन्नास जोडी डोळे खाली त्या पायाकडे गेले. तिचे कान लाल झाले. पण ती तशीच खट्-खट् करत पुढे आली, बॉनेट उघडले आणि आत वाकली.

लिंबाचा रस महिनोन् महिने ठिबकून बॅटरीच्या टोकावर हिरवा-पांढरा गंज चढला होता आणि तार सुटली होती. अहिल्याने बाकाखालून पाना काढला. तार मोकळी केली, केसांतल्या आकड्याने गंज खरवडला, पदराने पुसला. बरुआसागरच्या एका आलेवालीने न सांगता आपला पाण्याचा लोटा पुढे केला. अहिल्याने टोक धुतले, पुसून कोरडे केले, तार पुन्हा बसवून पान्याने आवळली. आणि मला जाणवले की सगळ्यांची नजर आता ना माझ्यावर होती, ना तिच्या पायावर. सगळे तिचे हात बघत होते. मित्रांनो, क्षणभर मला तिचा हेवा वाटला. दुसऱ्या क्षणी मात्र माझा ऊर भरून आला.

आलेवाली म्हणाली, "काए बिन्नू, जा गाड़ी कौन ने बनाई?"

"हमाए बाप ने।"

"और चलात को है?" चालवतं कोण, असे तिला विचारायचे होते.

अहिल्याने काळे झालेले हात पाहिले. "हम चलात, अम्मा," ती म्हणाली.

हरदयालने ते लिंबू दोऱ्याने धरून वर उचलले आणि म्हणाला, "देखो तो! नज़र ने कछू नईं बिगारो, निंबुआ ने बिगार दओ!" सगळे खो-खो हसले आणि सगळ्यांत मोठ्याने अहिल्या हसली. तिने दांडा फिरवला. मी निघाले. मागे टाळ्या वाजल्या. त्या कुणासाठी होत्या हे मी अजून विचारलेले नाही.

शाळेच्या दारात अकरा मुली माना उंच करून वाट बघत होत्या. विजयालक्ष्मी जींच्या घड्याळात चार मिनिटे बाकी होती. त्यांनी अहिल्याचे हात पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "जाइए, पहले हाथ धो लीजिए।" एप्रिलमध्ये नोकरी पक्की झाली. अनुसूयाबाई पुढेही दर शनिवारी लिंबू बांधत राहिल्या, पण माझ्या नाकावर, उघड्यावर, बॅटरीपासून चांगले दोन हात दूर.

अहिल्याने मला सव्वीस वर्षे चालवले. पुढे ती मुख्याध्यापिका झाली. फाटकाशी लोक थांबवत, ती थांबे आणि नानांसारखीच बॉनेट उघडून दाखवे. मग नाना गेले, अनुसूयाबाई गेल्या. माझ्या मापाच्या बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या आणि मला शाळेच्या व्हरांड्यात एका कोपऱ्यात उभे केले. टपावर कबुतरे बसू लागली. पुढे अहिल्याही निवृत्त झाली. वर्षानुवर्षे कुणी ढुंकून पाहिले नाही. जिला सॅल्यूट मिळाला होता, तिला हे किती लागले असेल, तुम्हीच सांगा.

गेल्या महिन्यात शाळेतल्या मुलींनी मला पुसून काढले आणि अहिल्याला बोलावून आणले. आता तिच्या हातात काठी असते. सुतार आला, त्याने फळ्या ठोकल्या, झडपा वर-खाली करून पाहिल्या. उजवीकडच्या झडपेशी तो अडला. "दीदी, ये वाली गिर ही नहीं रही। ऊपर ही जम गई है। खोलकर ठीक कर दूँ?"

अहिल्याने त्या सागवानी पट्ट्यांवरून हात फिरवला. "रहने दो, भैया," ती म्हणाली. "उस दिन के बाद हमने इसे कभी गिराया ही नहीं।"

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. माझी धूळ झटका, माझ्या चाकांना तेल द्या, बॅटरीची टोके कोरडी ठेवा. मला खुशाल टक लावून बघा आणि बघितलेत तर काहीतरी चांगले विचारा, त्या आलेवालीने विचारले तसे. पण माझी ती उजवी झडप मात्र कुणी दुरुस्त करू नका. ती वरच राहू दे.